सेनोनच्या नावाची हजेरी

मोल्येपाता, कोचाबांबा
१९ जानेवारी २०००

सेनोन,

पत्र फाडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर दे. आपल्या विहिरीचे पाइप कुठून कुठे जातात, हे तू तिकडे कुणाला सांगितलंस का?

सहा वर्षांनी बहिणीचं पत्र येतं आणि त्यात ना खुशाली ना आशीर्वाद, असं म्हणशील. म्हण. खुशाली एवढीच की मी जिवंत आहे, डावा गुडघा माझं ऐकत नाही आणि विहिरीच्या खोलीची किल्ली अजून माझ्याच गळ्यात आहे. आता कामाचं.

सरकारनं शहराचं पाणी परदेशातल्या एका कंपनीच्या हवाली केलं, हे तिथल्या पेपरात आलंच असेल. शहरात बिलं अशी फुगली की माणसं बिल हातात घेऊन रस्त्यात उभी राहून रडताना मी पाहिली. आम्हाला वाटलं, आपल्याला काय त्याचं? शहराचे पाइप या टेकडीवर कधी चढलेच नाहीत. म्हणून तर आपण विहीर खणली. पण नवा कायदा म्हणतो, जमिनीखालचं पाणीही कंपनीच्याच हद्दीत. परवा जीपमधून दोघं आले, डोक्यावर पिवळ्या टोप्या. म्हणाले, विहिरीवर मीटर बसणार, घराघरात मीटर बसणार.

कासियानोकाका अजून पाणी-समितीचे अध्यक्ष आहेत, दात मात्र चारच उरलेत. ते म्हणाले, "बाळांनो, आम्ही ही विहीर चौदा पुरुष खोल खणत होतो तेव्हा तुम्ही कुठं होतात? एक तरी घमेलं वर ओढलंत का?"

त्यातल्या धाकट्या टोपीवाल्यानं कागद उघडला. सेनोन, त्यावर आपली विहीर होती. टाकी होती. आणि मोल्येच्या झाडाखालून ओढ्याकडे वळणारा पाइपही होता. ते वळण कुणी खणलं, आठवतंय? खडक लागला म्हणून बाकीचे सगळे मक्याची चिचा प्यायला गेले आणि आपण तिघंच राहिलो. तू, मी आणि शेजारचा देल्फिन. वरून माती आणि गवत. सात वर्षांत कुणाला ते सापडलं नाही.

तेव्हा तिघांपैकी एक. मी तर नाही.

समितीनं ठरवलं आहे की ज्यानं कंपनीला वाट दाखवली त्याचं नाव वहीतून कापायचं. वहीत नाव म्हणजे काय ते तुला सांगायला नको. श्रमदानाचे दिवस भरले तर नाव, नाव असेल तर नळ. नाव कापलं की माणसानं टँकरवाल्याच्या दारात पिंप घेऊन उभं राहायचं आणि त्याच्या शिव्या खायच्या.

ब्वेनोस आयर्सला तुझ्या शिलाईच्या कारखान्यात आपल्याकडचे ढीगभर लोक असतील. त्यातल्या कुणाचा मेहुणा, कुणाचा भाचा कंपनीत नसेल कशावरून? आणि चिचा पोटात गेली की तुझी जीभ कशी सुटते ते मला ठाऊक आहे. खरं काय ते लिही.

तारेचा विषय मी काढत नाही, तूही काढू नकोस. पंपाची नवी तार नाहीशी झाली, त्या पहाटे तू विहिरीपाशी दिसलास, मी भर सभेत तुझं नाव घेतलं आणि तिसऱ्या दिवशी तू बस धरलीस. झालं ते झालं.

पत्र पोस्टात टाकत नाही. पोस्टात पत्रं वाफेवर उघडतात असं ऐकलंय. बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तोही उघडत असेल, पण त्याला वाचता येत नाही.

गुमर्सिंदा

---

८ फेब्रुवारी २०००

सेनोन,

तुझं उत्तर मिळालं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एक ओळ. "तारेचं काय झालं?"

मी विहिरीचं विचारते, तू तारेचं विचारतोस. प्रश्नाला प्रश्न करणं हे वकिलाचं काम, शिंप्याचं नाही. तरी मी त्या ओळीवर दोन दिवस विचार केला आणि माझी खात्री पटली की तू कुणाला काही सांगितलेलं नाहीस. ज्याच्या पोटात काही लपलेलं असतं तो चार-चार पानं लिहितो. एका ओळीत भागवणारा माणूस रागावलेला असतो, खोटा नसतो. घे, तुला एवढं श्रेय दिलं.

म्हणजे देल्फिन.

आता बघ. देल्फिनच्या घरावर नवा पत्रा आलाय. कुठून आला विचारलं तर म्हणतो, मुलीनं पाठवला. मुलगी मोलकरीण. मोलकरणीकडे पत्रा कुठून? पूर्वी मला बघितलं की दहा वेळा "गुमा, गुमा" करायचा, हल्ली मान खाली घालून डुकरांना मक्याची ताटं टाकत बसतो. माझ्या आईनं सांगितलं होतं, जो माणूस अचानक कमी बोलायला लागतो त्याच्या अंगणात खड्डा शोधावा.

गेल्या शुक्रवारी आम्ही सगळे शहरात गेलो. ऐकलं असशीलच. नुसतं चौकापर्यंत चालत जायचं होतं, पण पोलीस आधीच रस्ते अडवून बसलेले. आपल्या समितीची पद्धत तीच. प्रत्येक नावामागे एक माणूस, टेकडी उतरताना हजेरी, पुलापाशी पुन्हा हजेरी. कासियानोकाका दगडावर उभे राहून आधी आडनाव, मग नाव अशी वही वाचत होते आणि मागे फटाके फुटल्यासारखे गॅसचे बार. "सुरिता, गुमर्सिंदा!" हजर. "सुरिता, सेनोन!" त्यालाही कुणीतरी हजर म्हणालं. तुझं नाव अजून वहीत कसं, ते मला विचारू नकोस. म्हाताऱ्याला खोडायचा कंटाळा येत असेल.

मग धूर आमच्यावर आला. मला काही दिसेना, घशात मिरची कोंबल्यासारखं झालं. कुणीतरी माझं डोकं धरलं, तोंडावर व्हिनेगरचं फडकं दाबलं आणि मला ओढत एका बेकरीत नेलं. डोळे उघडले तर देल्फिन.

"गुमा, श्वास घे. नाकानं नको, तोंडानं."

"तुझ्याकडे व्हिनेगर कुठून आलं?"

"बाटलीतून."

"गॅस येणार हे तुला आधी कुणी सांगितलं?"

त्यानं फडक्यावर आणखी व्हिनेगर ओतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते सगळ्यांच्याच वाहत होतं. म्हणाला, "तुला विहिरीतून वर काढलं तरी तू आधी दोर कुणाचा ते विचारशील."

बघ, विहिरीचं नाव त्यानंच काढलं.

बेकरीत एक परदेशी पोरगी होती, गळ्यात कॅमेरा. आपल्या भाषेत अडखळत सांगत होती की जगभर लोक असेच उठलेत. नोव्हेंबरात कुठल्याशा थंड शहरात मोठमोठ्या देशांच्या व्यापाराची बैठक होती, तीसुद्धा लोकांनी रस्त्यात बसून मोडली म्हणे. कासियानोकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांची विहीर किती खोल?" पोरगीला काही कळेना. काका म्हणाले, "विहीर नसताना आले? मग ते फार चांगले लोक आहेत." मला ते पटलं नाही. विहीर नसलेला माणूस दुसऱ्याच्या विहिरीसाठी का धावेल? मी तिला फोटो काढू दिला नाही.

दोन दिवसांच्या मारामारीनंतर सरकार म्हणतंय, दरवाढ थांबवतो, बोलणी करू. बोलू देत. मी देल्फिनवर नजर ठेवून आहे.

मोठी बहीण,
गुमर्सिंदा

---

९ मार्च २०००

सेनोन,

पुन्हा तीच ओळ. "तारेचं काय झालं?" या वेळी खाली रेघही मारली आहेस. रेघ मारल्यानं मी घाबरेन असं वाटलं का?

परवा कार्निव्हलचा मंगळवार होता. दरवर्षीसारखा पंप सजवला, पताका बांधल्या, जमिनीला चिचा पाजली, धूप जाळला. पण ओस्वाल्दो आला नाही.

ओस्वाल्दोला तू विसरला नसशील. तेव्हा पोरसवदा होता, कॉलेजसाठी टेकडीवर मोजमापं घ्यायला यायचा आणि माझ्याकडे उकडलेला मका खायचा. विहिरीला पाणी लागलं आणि नगरपालिकेच्या दाखल्याला कुणातरी इंजिनियरची सही हवी होती. कासियानोकाका म्हणाले, "परक्याकडे सही मागितली तर तो हात पसरेल. त्याला नात्यात बांधा." म्हणून आपण पंपाचं बारसं केलं आणि ओस्वाल्दोला पंपाचा धर्मपिता केलं. त्याच्या डोक्यावर रंगीत कागदाचे तुकडे पहिल्यांदा तूच उधळलेस. त्या दिवसापासून तो साऱ्या टेकडीचा कोंपाद्रे, आणि किल्ली माझ्याकडे म्हणून मी त्याची कोमाद्रे. रक्ताच्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेसारख्या धर्माच्या भावाशी नाही. त्यानं सही केली. सात कार्निव्हल तो बिअरचं खोकं घेऊन आला, माझ्या हातचं बदक खाल्लं, पंपाला हात जोडले. यंदा नाही. आजारी असेल.

आता महत्त्वाचं. कंपनीचं पत्र आलंय आणि त्याला तोच नकाशा जोडलाय, आता छापील. प्रत्येक घराला आकडा, प्रत्येक नळाला टिंब. कासियानोकाकांनी तो पंपाच्या खोलीवर चिकटवला. लोक बोट फिरवून आपापलं घर शोधत होते. एकतीस आकड्यावर सगळ्यांची बोटं थांबली. एकतीस म्हणजे तू. "सुरिता, सेनोन. अंगणात अंजिराच्या झाडाखाली एक नळ."

तुझं घर सहा वर्षं बंद. दाराला कुलूप, भिंतीवर निवडुंग. तिथे नळ आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. सगळे भिंतीवर चढून बघायला गेले, तर खरंच नळ, फिरवला तर पाणी. कुणी बसवला कुणास ठाऊक. देल्फिनचं अंगण तुझ्या भिंतीला लागून आहे, तेव्हा तूच विचार कर.

मी कासियानोकाकांना सांगून ठेवलंय, पुढच्या सभेत मला एक नाव घ्यायचं आहे. ते म्हणाले, "गुमा, मागच्या वेळी तू नाव घेतलंस तेव्हा एक माणूस गेला. या वेळी नीट बघून घे." म्हातारा झालाय, काहीही बोलतो.

कुणी तुला लिहिलं की मी शहरात कालाकालाच्या बाजूला, मोठ्या घरांच्या गल्लीत, चीज घेऊन फिरताना दिसले, तर ते खोटं आहे. मी तिकडे गेलेच नव्हते.

जेवत जा. शिवणाऱ्या माणसाचे डोळे आधी जातात.

गुमर्सिंदा

---

१४ एप्रिल २०००

सेनोन, भावा,

कंपनी गेली. सोमवारपासून शहर घंटा वाजवतंय, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडताहेत, एका बाईनं मला धरून भर रस्त्यात नाचवलं आणि मी नाचले. गुडघ्यासकट. आपल्या विहिरीवर मीटर बसणार नाही. कायदाही बदलणार म्हणतात. कागदावर येईपर्यंत माझा विश्वास नाही, पण नाचले.

आता तुझ्या ओळीचं उत्तर देते. तीन पत्रांत टाळलं, आता टाळायला जागा उरली नाही.

तार विहिरीतच होती.

तू गेल्यानंतर दोन वर्षांनी गाळ काढायला मी आणि देल्फिन उतरलो. तो खाली, मी वर दोर धरून. त्यानं हाक मारली, "गुमा, घमेल्यात काहीतरी जड आहे, सांभाळ." वर ओढलं तर चिखलात तारेचं भेंडोळं, दुकानातली चिठ्ठी अजून अडकलेली. खुंटीवरून निसटलं असणार, त्या दिवशी विहिरीवर फळी घालायची राहिली होती. फळी घालणं माझं काम होतं. कुणीही चोरली नव्हती.

देल्फिन वर आला, चिखलानं भरलेला. म्हणाला, "चल, सभेत सांगू. सेनोनला निरोप पाठवू." मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, "मग टेकडीवर मला कोण विचारेल?" आणि मी रडले. तो गप्प बसला. चार वर्षं गप्प राहिला. तार मी घरात खाटेखाली ठेवली.

तू विचारशील, ज्यानं माझं एवढं झाकलं त्याच्यावरच मी संशय कसा घेतला? म्हणूनच घेतला रे. जो माणूस माझं गुपित इतकं नीट सांभाळतो, त्याच्याकडे आणखी कुणाकुणाची असतील, असं माझं डोकं चालतं. आणि खरं सांगायचं तर तो वहीत नसता, टेकडीवर नसता, तर तारेचं माहीत असणारं कुणी उरलं नसतं. हे मी स्वतःलाही आज पहिल्यांदा लिहून दाखवते आहे.

तुझ्या अंगणातला नळ मी बसवला. तार सापडली त्याच्या पुढच्या वर्षी. नळ असायचा तर नाव हवं, नाव हवं तर श्रमदान. म्हणून मी दर वेळी दोन माणसांचं काम केलं. चर खणायला एक दिवस माझा, एक तुझा. टाकी धुवायला एकदा माझ्या नावानं, एकदा तुझ्या. हजेरीत तुझं नाव आलं की मागच्या रांगेतून हजर म्हणायचं. पुलापाशीही मीच म्हणाले. तू परत आलास तर तहानेला नको, असं मनाशी म्हणत होते. माफी मागण्यापेक्षा चर खणणं सोपं.

म्हणजे त्या नळाचं मला सोडून कुणाला ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. आणि तो नकाशात होता. पहिल्यांदा ते टिंब बघितलं तेव्हाच मी ओळखलं होतं. तुला लिहिलं, कुणी बसवला कुणास ठाऊक.

गेल्या ऑगस्टमध्ये ओस्वाल्दो आला होता. नवी गाडी, अंगाला अत्तर. म्हणाला, "कोमाद्रे, पंपाच्या बापानं पंपाला कधी काही दिलं नाही. मला आपल्या विहिरीचा सुंदर नकाशा करायचाय, रंगीत, काचेच्या चौकटीत, कार्निव्हलला खोलीत लावू. पण खालचं सगळं तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?" मला काय फुगल्यासारखं झालं, सांगू! कॅलेंडरच्या पाठीवर मी सगळं काढून दिलं. मोल्येखालचं वळण काढलं. तुझं घर काढलं, अंजीर काढलं, नळ काढला. निदान कागदावर तरी तुझ्या घरी पाणी असावं, असं वाटलं. जानेवारीत 'मी तर नाही' लिहिलं तेव्हा हे मी धरलंच नव्हतं, कोंपाद्रेला दिलं म्हणजे घरातच राहिलं.

आणि हो, कार्निव्हलनंतर मी कालाकालाला गेले होते. चीज घेऊन. कोंपाद्रेच्या दारात रिकाम्या हातानं कसं जायचं?

त्यानं दार उघडलं. आत टेबलावर पिवळी टोपी.

"कोमाद्रे! बसा ना."

"बसायला नाही आले. चौकट कुठे आहे?"

तो हसला, मग हसायचा थांबला. "कोमाद्रे, माझी नोकरी आहे ती. मी नऊ विहिरींचे नकाशे दिले, तुमच्या एकटीचा नाही."

"बाकीच्या आठ विहिरींचाही तू बाप आहेस का?"

"त्यात गुप्त काय होतं? आणि काढून कुणी दिला? तुमच्याच हातचा आहे. कंपनीतले लोक म्हणाले सुद्धा, काय सुरेख हात आहे."

चीज मी तिथेच ठेवून आले. का ठेवलं, कळत नाही. परत आणायला हवं होतं.

आपण त्याला बांधायला गेलो, सेनोन. पण दावं दोन्ही टोकांना असतं, हे साऱ्या टेकडीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. मला तर नाहीच.

एवढं सगळं कळल्यावरही मी सभेत देल्फिनचंच नाव घ्यायला निघाले होते. हे वाचून तू थुंकशील. थुंक.

चार तारखेपासून रस्ते बंद होते. आम्ही महामार्गावर दगड टाकून बसलेलो, तिथेच मका शिजायचा, तिथेच हजेरी. शनिवारी शहरात गोळी चालली आणि एक पोरगा गेला. रविवारी दुपारी कासियानोकाकांनी रस्त्यावरच सभा बोलावली. म्हणाले, "बाहेर माणसं मरताहेत, आणि आपल्यात एक आहे ज्यानं कंपनीला आपलं घर दाखवलं. हे पोटात ठेवून मला इथे बसवत नाही." मग देल्फिनला विचारलं, "तुझं अंगण सेनोनच्या भिंतीला लागून. तो नळ तुला ठाऊक होता?"

देल्फिन कोकाची पानं चघळत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "होता."

"कधीपासून?"

"तीन वर्षं."

"कुणी बसवला?"

"ते मी नाही सांगणार."

झालं! सगळे ओरडायला लागले. "ह्यानंच दाखवला! पत्रा बघा घरावर! नाव कापा!" मीच महिनाभर लोकांच्या कानात तो पत्रा भरला होता. मला नाव घ्यायचीसुद्धा गरज उरली नव्हती. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्याचा मला चार वर्षांचा सराव होता.

कासियानोकाकांनी पेन काढलं. वही उघडली. त्याच दगडावर उभे होते जिथे रोज उभे राहतात, आणि देल्फिन खाली मान घालून उभा होता, अगदी तू उभा होतास तसा. तू तेव्हा टोपी हातात घेऊन उभा होतास, सेनोन. तू एकदाच म्हणालास, "ताई, मी नाही घेतली." आणि मी म्हटलं, "मग पहाटे तिथे काय करत होतास?" तू उत्तर दिलं नाहीस. मला अजून माहीत नाही तू तिथे काय करत होतास. पाणी आलं का ते बघायला गेला असशील. मी रोज जायचे तसा.

मी ओरडले, "थांबा! नळ मी बसवला. नकाशा मी काढला."

मग थांबता येईना. ओस्वाल्दो, कॅलेंडर, चीज, आणि शेवटी तार. सगळं.  कासियानोकाका खाली बसले आणि म्हणाले, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही सगळ्या टेकडीवर शोधतोय, आणि किल्ली हिच्याच गळ्यात."

कुणी हसलं नाही. त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली काढून दिली. नियम तो नियम. माझं नाव कापलं, जाड रेघेनं. एका म्हातारीनं म्हटलं, "तिनं कबूल केलंय, सोडा." कासियानोकाका म्हणाले, "सेनोननं कबूल केलं नव्हतं तरी आपण त्याला सोडलं नव्हतं." मला ते बरोबर वाटलं.

मग त्यांनी पुढचं नाव वाचलं. हजेरी पुरी करायची होती ना. "सुरिता, सेनोन!"

सगळे माझ्याकडे वळले. माझं तोंड उघडलं होतं, सवयीनं. आवाज निघाला नाही. काकांनी तुझ्या नावापुढची जागा कोरी सोडली आणि सांगितलं, "एकतीसचं श्रमदान भरलेलं आहे, तेव्हा नाव राहील. पण त्या नळाचं पाणी कुणी घ्यायचं, त्या नावाला हजर कुणी म्हणायचं, ते सेनोन सांगेल. मे महिन्याच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत त्याचं पत्र यायला हवं. नाहीतर तेही कापू."

तेव्हा असं आहे. माझा नळ बंद. तुझ्या नळाला मी हात लावत नाही. देल्फिन सकाळी माझ्या भिंतीवर एक बादली ठेवतो आणि न बोलता जातो. पहिल्या दिवशी मी पाण्याचा वास घेऊन बघितला. खोड जात नाही. तो भिंतीपलीकडून म्हणाला, "विष नाही गं, घालायचं असतं तर कधीच घातलं असतं." मी तिथेच बसून खूप रडले आणि मग त्या पाण्यात मका शिजवला.

या टेकडीवर माझ्याकडे पाण्याचा जो काही हक्क उरलाय तो तुझ्या नावाचा आहे, त्याच नावाचा जे मी मातीत घातलं. तू 'नाही' लिहिलंस तरी मी ते काकांना वाचून दाखवीन, एकही शब्द न बदलता. देल्फिनला शेजारी उभं करीन, म्हणजे लोकांना खात्री पटेल. 'हो' लिहिलंस तर तुझ्या नावाला पुन्हा हजर म्हणेन, या वेळी पुढच्या रांगेतून. फक्त माफ केलं असं लिहू नकोस. माझा विश्वास बसणार नाही आणि मी पुन्हा कारणं शोधत बसेन. माफ करायचंच असेल तर ये आणि तोंडावर सांग, मला तुझे डोळे बघू देत.

घर झाडून ठेवलंय. निवडुंग काढला. तार खाटेखालून काढून तुझ्या दाराच्या कडीला बांधली आहे, दुकानातल्या चिठ्ठीसकट, रस्त्यावरून दिसेल अशी. येणारा-जाणारा थांबतो आणि विचारतो, गुमा, ही कसली तार? रोज कुणीतरी विचारतं, आणि रोज मला सांगावं लागतं.

तुझी ताई